थाळनेर ते आसीर : फारुकी सत्तेच्या उगमकथांची चिकित्सा

रोमच्या सम्राटांनी सत्ता कशी मिळविली, हा प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात त्या कथा. ज्या राज्यात गादीच्या वारसाविषयी निश्चित कायदा कधीच झाला नाही, त्या राज्यात गादीवर येण्याच्या हकीकतींची मात्र रेलचेल असावी, हे स्वाभाविकच होय. ऑगस्टसने आपल्या कार्याचा वृत्तान्त स्वतःच लिहून ठेवला. तो लॅटिन व ग्रीक अशा दोन्ही भाषांत अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेला सापडतो. आणि त्यात राज्य आपण सीनेटच्या व लोकांच्या हाती परत दिले, असा सम्राटाचा दावा आहे. ऑगस्टसच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या टॅसिटसला मात्र तीच घटना निराळी दिसली. सैन्य देणग्यांनी, प्रजा धान्याने आणि उरलेले सर्व शांततेच्या गोडीने हळूहळू अंकित झाले, असे त्याचे निदान आहे. एकाच सत्तेविषयीचे हे दोन आवाज. एक सत्ताधाऱ्याचा, दुसरा ती सत्ता ज्या घराण्याकडे होती ते घराणे संपल्यावरचा. रोमच्या अभ्यासात कथेइतकेच महत्त्व कथा सांगणाऱ्याच्या काळाला व स्थानाला देतात ते यामुळेच. खानदेशच्या फारुकी घराण्याच्या उगमकथांना हीच कसोटी लावून पाहिली असता काय हाती लागते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

फारुकींचा इतिहास थोडक्यात असा. मलिक राजा याला इ. स. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर व करवंद ही ठाणी मिळाली. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे वागू लागला व १३९९ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा नसीरखान याने प्रथम लळिंग येथून कारभार केला, आसीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसविले. तेथून पुढे दोन शतके हे घराणे टिकले. जानेवारी १६०१ मध्ये आसीरगड अकबराच्या हाती गेला तेव्हा ते संपले. थाळनेर आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे; लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा रस्त्यावर उभा आहे; बुऱ्हाणपूर व आसीर मध्य प्रदेशात गेले असले तरी तापीच्या खोऱ्याच्या दृष्टीने ती या प्रदेशाची पूर्वेकडील वेसच होय.

या घराण्याचा स्वतःचा आवाज कोठे ऐकू येतो? तो मुख्यतः बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही आहे, आणि तो शके १५११ चा, म्हणजे १५९० च्या आरंभीचा आहे. अंकाराच्या लेखाप्रमाणे हाही दोन भाषांच्या प्रजेला उद्देशून आहे, एवढे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. पण साम्य तेथेच संपते. ऑगस्टस आपण काय काय केले ते मोजून सांगतो. फारुकींचा संस्कृत लेख ईश्वरस्तवनानंतर राजा मलिकापासून वंशावळ सांगतो, बांधकामाची तिथी पंचांगाच्या सर्व अंगांसह देतो आणि थांबतो. थाळनेर कोणी दिले, आसीर कसे मिळाले, याविषयी त्यात अवाक्षर नाही. सत्तेला दोनशे वर्षे झाली म्हणजे तिच्या उगमाविषयी बोलण्याची गरज राहत नाही, असेही म्हणता येईल. पण राजा अलीखान त्या वेळी अकबराच्या वाढत्या दडपणाखाली होता, आणि १५९७ मध्ये मोगलांच्याच बाजूने लढताना तो मारला गेला. अशा राजाने पूर्वजांची नुसती नावे ओळीने मांडावी, पराक्रम सांगू नये, यात संकोचाचा भाग नव्हता असे ठामपणे म्हणता येत नाही.

उगमाच्या सविस्तर हकीकती येतात त्या दोन परक्यांकडून. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त खानदेशच्या सुभ्याचे जे वर्णन दिले ते हा मुलूख मोगलांकडे आल्यानंतरचे आहे, खुद्द अबुल फजल या मोहिमेत हजर होता. दुसरा फेरिश्ता. विजापूरच्या आश्रयाने लिहिणाऱ्या या इतिहासकाराने घराणे बुडाल्यावर, १६०४ मध्ये, बुऱ्हाणपूर पाहिले होते. दोघांचेही लेखन फारुकींच्या पश्चात झालेले आहे. फारुकींना राग येईल ही भीती दोघांनाही नव्हती, आणि फारुकींकडून काही मिळण्याची आशाही नव्हती.

मलिक राजाच्या पूर्ववृत्ताविषयी या दोघांत एकमत नाही. फेरिश्ताच्या मते तो दिल्लीदरबारच्या एका सरदाराचा मुलगा होता. त्याचा वंश थेट खलिफा उमर फारूक याच्यापर्यंत पोचतो. शिकारीत सोबत्यांपासून चुकलेल्या, भुकेल्या फिरोजशाहाला त्याने खाऊ घातले आणि त्या उपकाराची परतफेड म्हणून त्याला थाळनेर मिळाले. अबुल फजलचा मलिक राजा बिदरकडून विपन्नावस्थेत आलेला आहे. तो थाळनेर परगण्यातील एका खेड्यात राहू लागतो, स्थानिकांकडून त्रास होतो म्हणून दिल्लीस जातो, शिकारीतील कौशल्याने बादशहाची मर्जी संपादतो आणि बक्षीस म्हणून तेच खेडे मागून घेतो. बहमनी राज्याची राजधानी त्या काळी गुलबर्ग्यास होती, बिदरला नव्हे. तेव्हा अबुल फजलच्या तपशिलातही पुढच्या काळाची छाया पडलेली आहे. तरी दोन्ही हकीकतींत दख्खनमधून निसटलेल्या, बहुधा बहमनी सुलतानाविरुद्धच्या बंडात हात असलेल्या एका साहसी शिपायाची आकृती अधिक विश्वसनीय वाटते. कारण तीत घराण्याच्या गौरवाला पोषक असे काही नाही.

उमरच्या वंशाचा दावा यासंदर्भात पाहावा. रोममध्ये सेप्टिमियस सेव्हेरस १९३ मध्ये डॅन्यूबकाठच्या सैन्याच्या बळावर सम्राट झाला, आणि दोनच वर्षांनी मार्कस ऑरेलियसचा आपण पुत्र आहोत असे त्याने जाहीर केले. मार्कसला मरून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. मृत पित्याने दत्तक घेतल्याचा हा प्रकार तत्कालीनांनाही थट्टेचा वाटला. तथापि सत्तेच्या व्यवहारात तो चालून गेला. खानदेशला अशी वंशजोडणी नवी नव्हती. सेउणदेशाच्या यादवांनी द्वारावतीच्या यदुवंशाशी आपले नाते सांगितले व हेमाद्रीने ते ग्रंथनिविष्ट केले. त्यांचे मांडलिक निकुंभ हे सूर्यवंशी म्हणवीत, हे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या लेखावरून दिसते. तलवारीने घेतलेल्या मुलखाला जुना वंश लागतो. फारुकींनी तो दुसऱ्या परंपरेतून आणला, इतकेच.

संताच्या आशीर्वादाची कथा मात्र निराळ्या प्रकारे तपासता येते, कारण तीत कालगणनेचा उघड दोष आहे. आसीर जिंकल्यावर दौलताबादचे शेख झैनुद्दीन नसीरखानाचे अभिनंदन करण्यास आले, इनाम नाकारले, आणि आपले गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने नगर वसवावे एवढेच मागितले. म्हणून तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या तीरावर झैनाबाद झाले, असे फेरिश्ता सांगतो. पण शेख झैनुद्दीन १३६९ मध्येच वारले होते. नसीरखान गादीवर आला १३९९ मध्ये. म्हणजे तीस वर्षांपूर्वी दिवंगत झालेला संत येथे अभिनंदनास आला आहे. गावांची नावे खरी, घराण्याची खुलताबादच्या दर्ग्यांवरील श्रद्धाही खरी. भेट तेवढी खरी नव्हे. ही चूक फेरिश्ताच्या गाफीलपणाची म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ६९ साली सैन्याने सम्राट म्हणून पुकारलेला व्हेस्पेशियन अलेक्झांड्रियात असताना त्याच्या हातून आंधळ्याला दृष्टी आली, असे टॅसिटस व स्वेटोनियस दोघेही सांगतात. आणि स्वेटोनियस तर कारणही देतो, की नव्या व अनपेक्षित राजाला अद्याप प्रभाव लाभला नव्हता. नसीरखानाच्या कथेत संत नेमका कोणत्या क्षणी येतो ते पाहिले म्हणजे हे कारण तेथेही लागू पडते. तो आसीरच्या दरवाजानंतर येतो; आणि त्या दरवाजात जे घडले त्यानंतर कोणीतरी पुण्यवंताने येणे आवश्यकच होते.

काय घडले ते फेरिश्ताच्या आधारे असे. आसीरच्या डोंगरावर आसा अहीर नावाचा धनाढ्य गोपालक राहत होता. त्याच्या गाईम्हशी, मेंढ्या व घोड्या हजारांनी मोजल्या जात. दुष्काळात त्याने आपली कोठारे उघडली आणि लोकांना काम देऊन डोंगरावरचा तट बांधून घेतला. मलिक राजाशी त्याचा स्नेह होता व त्याचे उपकारही मलिक राजावर होते. म्हणून किल्ला बळकट असूनही मलिक राजाने त्याच्याकडे कधी वाकडा डोळा केला नाही. नसीरखानाने बागलाण वगैरे ठिकाणच्या राजांचे भय दाखवून, आपल्या कुटुंबाला गडावर आसरा द्यावा अशी विनंती केली. आसाने ती मान्य केली. प्रथम खरोखरच काही डोल्यांतून स्त्रिया आल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. त्यांत हत्यारबंद शिपाई होते. पाहुण्यांच्या स्वागतास मुलांसह पुढे आलेला आसा तेथेच मारला गेला.

ही कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारण्यात तीन अडचणी आहेत. डोल्यांत शिपाई लपविण्याची युक्ती त्या काळच्या वाङ्मयात वारंवार भेटते. १५३८ मध्ये शेरशाहाने रोहतासचा किल्ला याच युक्तीने घेतला असे सांगतात व फेरिश्ताही ते सांगतो. परंतु शेरशाहाचा चरित्रकार अब्बासखान सरवानी याने डोल्यांची गोष्ट साफ नाकारली आहे. चितोडच्या पद्मिनीच्या कथेतील डोल्या तर सर्वश्रुतच आहेत. लिव्हीने सेक्स्टस टार्क्विनियस गॅबी नगरात कपटाने कसा शिरला ते वर्णिले आहे, तेथेही हेच. त्या कथेचे दोन्ही भाग, शत्रूकडे आश्रयार्थी म्हणून जाणे आणि बापाने खसखशीची उंच बोंडे छाटून मुक्याने सल्ला देणे, हेरोडोटसच्या दोन वेगळ्या कथांतून उचललेले आहेत, हे रोमन इतिहासाच्या अभ्यासकांनी केव्हाच दाखविले आहे. कथा एका शहराच्या दरवाजातून दुसऱ्या शहराच्या दरवाजापर्यंत चालत जातात.

दुसरी अडचण आसाच्या नावाची. ‘आसा अहीर’ यावरून ‘आसीर’ झाले असे फेरिश्ता म्हणतो. पण याच डोंगरावर अश्वत्थाम्याचे स्थान असल्याची नोंद अबुल फजलने केली आहे आणि ती श्रद्धा आजही टिकून आहे; म्हणजे नावाच्या व्युत्पत्तीला निदान एक प्रतिस्पर्धी आहेच. रोम्युलसवरून रोम झाले असे प्राचीन मानीत. रोमवरून रोम्युलस झाला असे आधुनिक मानतात. आसाच्या बाबतीत हाच संशय घेण्यास जागा आहे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. ही कथा फारुकींना अनुकूल नाही. पित्याच्या उपकारकर्त्याला पुत्राने आश्रयाच्या मिषाने मारले, असे कोणतेही राजघराणे आपल्याविषयी सांगणार नाही. बुऱ्हाणपूरच्या लेखाचे मौन या बाबतीत बोलके आहे. मग ती टिकली कशी? येथे सांगणाऱ्याचा काळ उपयोगी पडतो. आसीर नुकताच मोगलांनी घेतला होता, आणि तोही निर्मळ मार्गाने घेतला असे सर्वांना वाटत नव्हते. अबुल फजलच्या पक्षाची हकीकत अशी, की वेढ्यात गडावर गर्दी व रोगराई झाली आणि किल्ला शरण आला. जेझुइट पाद्री झेवियर याच्या पत्रांवर आधारलेली हकीकत सांगते, की बहादुरखानाला अभयवचन देऊन खाली बोलाविले व अडकवून ठेवले, आणि गडावरच्यांना सोने चारले. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ मध्ये पाद्र्याची बाजू उचलून धरली. नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले. सोन्याचा काही तरी उपयोग झाला असावा व वचनाविषयीचे आरोप अतिरंजित असावेत, असा मध्यम निर्णय सध्या तरी सुरक्षित होय. अशा वेळी ज्याच्याकडून गड घेतला त्याच्या पूर्वजानेही तो कपटानेच घेतला होता, ही आठवण विजेत्यांच्या गोटात प्रिय झाली असल्यास नवल नाही. कथा त्यांनी रचली असे म्हणण्यास आधार नाही. ती लोकांत असावी. तिला दरबारात जागा मिळाली ती १६०१ नंतर.

या सर्वांत प्रत्यक्ष सत्तासंपादनाची हकीकत हरवते, कारण ती नाट्यमय नाही. थाळनेर तापीच्या उत्तर तीरावर आहे; गुजरातच्या बंदरांकडून बुऱ्हाणपूरकडे जाणारी वाट या खोऱ्यातून जाते. लळिंगवरून दक्षिणोत्तर रस्ता दिसतो. आसीर सातपुड्यातील त्या खिंडीवर आहे, जिच्यातून नर्मदेकडून तापीकडे उतरता येते. या तीन जागा क्रमाने ताब्यात येणे हाच फारुकी सत्तेचा उदय होय, आणि त्याला दोन पिढ्या लागल्या. मलिक राजाने बागलाणच्या राजाकडून खंडणी व हत्ती घेऊन दिल्लीस पाठविले आणि त्याबदल्यात मोठी मनसब घेतली. दिल्ली दुर्बळ होताच पाठविणे थांबविले. माळव्याच्या दिलावरखानाशी त्याने दुहेरी सोयरीक केली. त्या बळावर सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला, तेव्हा गुजरातच्या मुजफ्फरशाहाने त्याला थाळनेरातच कोंडून तह करावयास लावले. नसीरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने सख्ख्या भावाकडून थाळनेर काढून घेतले, आणि लगेच गुजरातच्या अहमदशाहापुढे नमावे लागले. ‘खान’ हा किताब गुजरातकडून मान्य झाला, आणि खानांचा देश तो खानदेश ही रूढ व्युत्पत्ती त्यावरूनच निघाली. अखेरीस बहमनी सुलतानाशी वैर आले. रोहणखेडला पराभव झाला, बुऱ्हाणपूर लुटले गेले, आणि १४३७ मध्ये नसीरखान मरण पावला. डोल्यांच्या एका रात्रीत मिळालेली सत्ता आयुष्यभर अशी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहत नसते. टॅसिटसने ६८-६९ सालच्या धामधुमीविषयी नोंदविले, की सम्राट रोमच्या बाहेरही निर्माण होऊ शकतो हे साम्राज्याचे गुपित तेव्हा फुटले. खानदेशचा सुलतान नेहमीच बाहेर, मांडूला किंवा अहमदाबादला, निर्माण होत असे; आणि ते गुपितही नव्हते.

असे असता आधुनिक वाचकांपर्यंत आसीरच्या दरवाजाचीच कथा प्राधान्याने का आली? याचे उत्तर धुळ्याच्या इतिहासात आहे. फेरिश्ताच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध करणारा जॉन ब्रिग्ज हाच १८१८ पासून खानदेशचा पहिला ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी होता, आणि धुळे हे ठाण्याचे गाव त्यानेच निवडले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने फारुकींचा वृत्तान्त मुख्यतः या भाषांतराच्या आधारे दिला, व तेथून तो पुढील पुस्तकांत उतरला. मुलूख नुकताच घेतलेल्या अधिकाऱ्याच्या हातून हे भाषांतर झाले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ब्रिग्जने मजकुरात फेरफार केला असा आरोप येथे करावयाचा नाही. पण पूर्वीच्या राजांनी सत्ता कपटाने मिळविली हे वाचण्यात त्या काळच्या राज्यकर्त्यांना समाधान असले पाहिजे. कारण थाळनेरच्या दरवाजाची त्यांची स्वतःची कथा ताजी होती. मंदसोरच्या तहाने होळकरांनी थाळनेर इंग्रजांस दिले होते. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप तेथे पोचला. किल्ल्याच्या आतल्या दरवाजात बोलणे चालू असता झटापट झाली व इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यावर शिबंदीची कत्तल करण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी दिले. दगा झाला, असे हिस्लॉपचे म्हणणे. भाषा न कळल्याने गोंधळ झाला असावा, ही शंका इंग्रजांतच निघाली. खुद्द गव्हर्नर जनरलने खुलासा मागितला, आणि १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने आभाराचा ठराव करताना या प्रसंगापुरते मत राखून ठेवले. मलिक राजाचे पहिले ठाणे आणि ब्रिटिशांचे या खोऱ्यातील आरंभीचे ठाणे एकच. दोन्हीच्या कथांत दरवाजा आहे, दगा आहे, आणि दगा कोणी केला हे सांगणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून आहे.

बखर आणि अस्सल कागद यांतला भेद राजवाड्यांनी १८९८ मध्ये, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत, मांडला. त्यांचे उत्तरायुष्य धुळ्यास गेले व त्यांच्या संग्रहासाठी तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. फारुकींच्या बाबतीत त्या कसोटीने पाहता अस्सल असे फार थोडे उरते : मशिदींतील लेख, नाणी, थाळनेरची थडगी. आसा अहिराचा उल्लेख त्यांपैकी कशातही नाही. तथापि आसा संशयास्पद ठरला म्हणून अहीर संशयास्पद ठरत नाहीत. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा तिसऱ्या शतकातील लेख आहे; अहिराणी आजही धुळे-जळगावच्या घराघरांत बोलली जाते. सुलतानांपूर्वी या डोंगरांवर गुरे राखणारे, धान्य साठविणारे व गड बांधणारे लोक होते, आणि मलिक राजाला त्रास देणारे जे ‘स्थानिक’ अबुल फजलने एका शब्दात निकालात काढले, ते बहुधा त्यांच्यापैकीच. सैन्याला देणगी, लोकांना धान्य या टॅसिटसच्या मोजमापाने पाहिले, तर दुष्काळात कोठार उघडणारा आसा हाही सत्ताधीशच ठरतो. फेरिश्ताने मात्र त्याला श्रीमंत गुराखी म्हटले आहे. त्याच्या सत्तेचा उगम सांगणारी कथा कोणी लिहून ठेवली नाही. नसीरखानाची कथा सांगताना ती अर्धवट राहून गेली, आणि तेवढ्यावरच तिचा शोध सुरू करावा लागतो.